शिवणयंत्र, कॅमेरा आणि कोल्हापूरचे सोबती

नेसरीचे नाव घेताच इतिहासप्रेमी मराठी मनापुढे सात घोडेस्वार उभे राहतात. २४ फेब्रुवारी १६७४, गडहिंग्लज तालुक्यातील ती खिंड, समोर बहलोलखानाचे सैन्य आणि त्यावर तुटून पडणारे प्रतापराव गुजर.

या प्रसंगातील एक तपशील मात्र बहुधा नजरेआड राहतो. त्याच वर्षीच्या इंग्रजी पत्रव्यवहारात घटनेची नोंद आहे. दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव आणि त्यांच्यासोबतचे सहा स्वार पडले, असे ती सांगते. संख्या आहे, नावे नाहीत. आज आपण जी सहा नावे आदराने घेतो ती पुढच्या काळातील परंपरेने जपलेली आहेत.

इतिहासलेखनाची ही जुनी खोड आहे. म्होरक्याचे नाव राहते आणि सोबत्यांची गणती राहते.

नेसरीच्याच जिल्ह्यात, सुमारे अडीचशे वर्षांनी, आणखी काही सोबती एका अशक्य वाटणाऱ्या कामावर तुटून पडले. त्यांच्या हाती कानस, रंधा आणि कुंचला होता. त्यांच्यातही एक नाव मोठे झाले आणि बाकीची मागे पडली. हा धागा त्या सोबत्यांविषयी आहे. त्यांचे यंत्र समजून घेण्यासाठी मात्र आधी घरातल्या शिवणयंत्राकडे पाहावे लागते.

शिवणयंत्र चालू असताना सुईकडे सगळेच बघतात. खरी गंमत सुईच्या खाली आहे. तिथे एक छोटी दातेरी पट्टी असते. सुई कापडात शिरलेली असते तेव्हा ही पट्टी खाली दबलेली राहते आणि कापड जागच्या जागी थांबते. सुई वर निघाली की पट्टी वर येते, कापडाला दातांनी धरते, टाक्याएवढे पुढे सरकवते आणि पुन्हा खाली बुडते. मग कापड थांबते, सुई उतरते, टाका पडतो. पाय किंवा हात चाक अखंड फिरवत असतो, पण कापड थांबत थांबत पुढे जाते. अखंड फिरण्याचे रूपांतर थांबत चालण्यात करणे, ही या यंत्राची सगळी विद्या.

चलच्चित्राच्या शोधात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी माणसे झटत होती, त्यांची अडचण हुबेहूब हीच होती. फिल्मची पट्टी सलग ओढली तर चित्र फरकटते. प्रत्येक चित्रासाठी ती क्षणभर स्थिर हवी. भिंग उघडे असताना पट्टी थांबावी, झाकले गेले की एक घर पुढे सरकावी, आणि हे सेकंदाला सोळा वेळा घडावे.

फ्रान्समधील ल्योन शहरात छायाचित्रणाच्या काचा बनवणारे ल्युमिएर बंधू या कोड्यात अडकले होते. धाकट्या लुईला त्याचे उत्तर एका रात्री, झोप येत नसताना, शिवणयंत्राच्या यंत्रणेवरून सुचले, अशी हकीकत थोरल्या ऑगस्टने पुढे सांगितली. दातेरी पट्टीच्या जागी आल्या दोन बारीक नख्या. त्या फिल्मच्या कडेच्या भोकांत शिरतात, पट्टी खाली ओढतात, बाहेर येतात, वर जातात. फेब्रुवारी १८९५ मध्ये पेटंट झाले, २८ डिसेंबरला पॅरिसमध्ये पहिला जाहीर खेळ झाला आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात भारतातला पहिला. टाक्याची चाल अशी पडद्यावर गेली.

योगायोग इथेच संपत नाही. ज्याच्या नावाने शिवणयंत्र जगभर ओळखले गेले तो आयझॅक सिंगर मुळात फिरत्या नाटकमंडळीतला नट होता. त्याने १८५१ मध्ये पेटंट घेतले, पण यंत्राची मूळ कल्पना त्याची नव्हती. एलियस हाव याचे पेटंट १८४६ चे. त्याही आधी फ्रान्समधील तिमोनिए याने यंत्र बसवलेला कारखाना पोट जाईल या भीतीने शिंप्यांनी मोडून टाकला होता. सिंगरने यंत्र सुधारले, आणि त्याचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने ते हप्त्याने विकण्याची युक्ती काढली. घराघरात यंत्र शिरले ते त्या हप्त्यांमुळे.

यंत्रसंस्कृतीवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९२४ मधील एका संवादात सिंगरच्या यंत्राला अपवाद म्हणून जागा दिली. पत्नीला हाताने शिवताना होणारे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने ते घडवले, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षातील सिंगर एकाच वेळी अनेक संसार थाटून वीसहून अधिक अपत्यांचा बाप झालेला गृहस्थ होता! महात्म्याची भावना उदात्त होती, उदाहरण तेवढे चुकले.

भारतात हे यंत्र विकणे सोपे नव्हते. धोतर, उपरणे, पागोटे, लुगडे या देशातले निम्मे कपडे सुईचा स्पर्श न होता अंगावर चढत. चोळी, बंडी, सदरा, अंगरखा एवढाच शिवणाचा व्याप, आणि तो शिंपी हाताने पुरा करी. १८७५ च्या सुमारास नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी मुंबईतून सिंगरच्या विक्रीचे काम सुरू केले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत ते नेटाने वाढवले. दुकानाच्या फळीवर बसलेल्या शिंप्याच्या पुढ्यात आधी हाताचे यंत्र आले, नंतर पायाचे.

घरात ते शिरले ते बायकांच्या शिक्षणाच्या वाटेने. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात शिवण हा शिकवण्याचा महत्त्वाचा विषय होता. विधवा, परित्यक्ता, घरातच अडकलेल्या सुना यांना चार पैसे मिळवता यावेत, हा हेतू. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ हे देशी यंत्र बाजारात आणले आणि पुढे स्वातंत्र्योत्तर काळात ते मध्यमवर्गीय घराचे भूषण झाले.

या यंत्राचा इतिहास लिहिताना कमाईचा हिशेब पुष्कळ होतो. त्यातल्या आनंदाचा फारसा होत नाही. दुपारची कामे आटोपल्यावर खिडकीशी यंत्र ओढून बसणे, जुन्या लुगड्याचे परकर बेतणे, उरलेल्या चिंध्यांची गोधडी जोडणे, शेजारणीने ब्लाऊजचे माप घेऊन येणे आणि माप राहून गप्पाच रंगणे, यात एक मोकळीक होती. घरातल्या बहुतेक वस्तू बाईकडून काम करवून घेत. हे एक यंत्र तिच्या हुकमाने चाले, आणि त्याभोवती मैत्रिणी जमत. वेग तिच्या पायात होता, रेषा तिच्या हातात होती. यंत्रावर हुकमत येण्याचे हे सुख साधे नाही. कोल्हापूरच्या त्या सोबत्यांनाही नेमके तेच हवे होते.

कोल्हापुरात कृष्णराव मेस्त्री हे सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, चित्रकाम अशा अनेक कलांत हात असलेले कारागीर होते. त्यांचे पुत्र बाबूराव, जन्म ३ जून १८९०. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव या दोघांनी १९१० च्या दशकात संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून मोठे नाव मिळवले. राजवाडे, उद्याने, अरण्ये, देवळे त्यांनी अशी रंगवली की मेस्त्री हे आडनाव मागे पडून दोघेही ‘पेंटर’ झाले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. त्याने या भावांना वेड लावले. स्थिर पडदा रंगवणाऱ्यांना हलणारा पडदा दिसला. दोघांनी चित्रपट दाखवण्याचा उद्योग सुरू केला आणि त्याच्या जोडीने स्वतःचा कॅमेरा तयार करण्याची खटपट आरंभली. परदेशी कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती. फाळके यंत्र आणण्यासाठी लंडनला जाऊन आले होते. कोल्हापूरकरांनी ठरवले, यंत्र घरीच घडवायचे.

ती जिद्द किती अवघड होती हे दातेरी पट्टीवरून कळते. कॅमेऱ्याच्या पेटीला सुतार पुरतो. भिंग विकत मिळते. पण फिल्म थांबवत पुढे नेणारी चाल घडवताना केसाएवढी चूक झाली तरी चित्र थरथरते. चाके, खिळे, नख्या, झडप यांचा ताल एकच लागतो. आनंदराव हे या जोडीतले यंत्रविद्येचे डोके मानले जात. काम पुरे होण्याआधीच, १९१६ मध्ये, आनंदराव गेले.

खटपट इथेच थांबली असती. बाबूरावांचा भाऊ गेला होता आणि त्याच्यासोबत निम्मे कौशल्य गेले होते. तेव्हा पुढे आले विष्णुपंत गोविंद दामले. पेंटर बंधूंच्या हाताखाली तयार झालेला, कमी बोलणारा, यंत्राशी बोलणारा हा तरुण. बाबूराव आणि दामले यांनी मिळून १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. पुस्तकांत तो ‘बाबूराव पेंटर यांचा कॅमेरा’ म्हणून येतो. खरे तर तो आनंदरावांनी मांडलेला, दामल्यांनी सावरलेला आणि बाबूरावांनी डोळा लावलेला कॅमेरा आहे. बाबूरावांचे मोठेपण याने कमी होत नाही. एवढी माणसे ज्याच्याभोवती जमतात तो माणूस मोठाच असतो.

आणखी माणसे जमली. कागलचे शेख फत्तेलाल, चित्रकार, पुढे सगळ्यांचे ‘साहेबमामा’. शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. केशवराव धायबर. पैसा उभा केला गायिका तानीबाई कागलकर यांनी. सावकार आणि व्यापारी ज्या धंद्याकडे संशयाने पाहत होते त्यात एका गाणाऱ्या बाईने आपली पुंजी घातली. राजर्षी शाहू महाराजांचे पाठबळ होतेच. अशी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात झळकला. फाळक्यांना सुरुवातीला स्त्रीपात्रांसाठी पुरुष घ्यावे लागले होते. इथे गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पडद्यावर आल्या. त्याबद्दल समाजाने त्यांना वाळीत टाकले आणि त्यांना कंपनीच्याच आवारात आसरा घ्यावा लागला. कीचकवधाचे दृश्य इतके अंगावर येणारे झाले की सरकारने ते काढायला लावले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. गुलाबबाई आणि अनसूयाबाईंना कोणी काही पदवी दिली नाही.

त्याच हिवाळ्यात, जेमतेम महिनाभर आधी, १२ जानेवारी १९२० रोजी अमेरिकेतील शिकागोत दुसरा एक चित्रपट प्रदर्शित झाला होता. ‘विदिन अवर गेट्स’. दिग्दर्शक ऑस्कर मिशो हा कृष्णवर्णीय, त्याचा बाप गुलामगिरीत जन्मलेला. मिशोने आधी साउथ डकोटात शेती केली, कादंबऱ्या लिहिल्या, त्या दारोदार फिरून विकल्या आणि चित्रपटाचे भांडवल शेतकऱ्यांना भाग विकून उभे केले. त्याच्या चित्रपटातील जमावाने केलेल्या हत्येच्या दृश्यावर परीक्षण मंडळाची कात्री आली. आदल्याच उन्हाळ्यात शहरात वंशद्वेषाची दंगल झाली होती आणि ती पुन्हा उसळेल असे भय होते.

कोल्हापूर आणि शिकागो एकमेकांना ओळखत नव्हते. साम्य परिस्थितीत आहे. दोघांपाशी बँक नव्हती, मोठे नाव नव्हते. दोघांनी आपल्या माणसांकडून पैसा उभा केला, दोघांच्या सर्वांत दाहक दृश्याला सत्तेने हात घातला. आणि कृष्णवर्णीय अमेरिकेकडे आपल्या दुःखाचा आरसा म्हणून पाहणे महाराष्ट्राला नवे नव्हते. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या कामी झटलेल्या सदाचारी लोकांना.

मिशोचा चित्रपट अनेक दशके हरवला होता. त्याची एक प्रत पुढे स्पेनमधील संग्रहात सापडली. ‘सैरंध्री’च्या वाट्याला ते भाग्य आले नाही.

कोल्हापुरात पुढची काही वर्षे सुगीची होती. ‘सिंहगड’ १९२३ मध्ये आला. तानाजीच्या मोहिमेसाठी कृत्रिम प्रकाशात रात्र उभी केली गेली. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावून शहरात आलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली. देवादिकांच्या कथांत रमलेल्या मूकपटाच्या काळात कर्जबाजारी कुणबी पडद्याच्या मध्यभागी आणणे हे धाडस होते. बाबूराव प्रत्येक दृश्याची, वेशभूषेची रेखाटने स्वतः करीत. पडदे रंगवणारा हात शेवटपर्यंत चित्रकाराचाच राहिला.

आणि मग १९२९ आले.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार: दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि भांडवल देणारे सीतारामपंत कुलकर्णी. पाचांपैकी चौघे बाबूरावांच्या तालमीत घडलेले. मूकपटाचा धंदा बदलत होता, बोलपट दारात होता, जुन्या कंपनीत वाढायला वाव उरला नव्हता. यातली प्रत्येक गोष्ट खरी असली तरी ज्याच्या घरात शिकलो त्याच्याच गावात दुसरे घर मांडणे म्हणजे काय, हे त्या चौघांना कळत नसेल असे मानता येत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ तगली नाही.

या फुटीला काही जण विश्वासघात म्हणतात, काही जण अपरिहार्य विस्तार. दोन्ही शब्द जरा मोठे आहेत. कारागिरीच्या परंपरेत शिष्याने वेगळे दुकान थाटणे हा शेवट मानला जात नाही, पण गुरूच्या दुकानासमोर थाटणे कोणाला गोडही वाटत नाही. हे तसेच काही होते.

प्रभातच्या पोटात आणखी एक मैत्री होती, आणि ती या संपूर्ण कहाणीतील सर्वांत टिकाऊ ठरली. दामले आणि फत्तेलाल. एक ब्राह्मण, एक मुसलमान. एकाने ध्वनी आणि यंत्र सांभाळले, दुसऱ्याने नेपथ्य आणि चित्रदृष्टी. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला हलली तेव्हाही ही जोडी सोबत होती. ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘गोपाल कृष्ण’ (१९३८), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या चित्रपटांच्या दिग्दर्शकांची नावे ‘दामले-फत्तेलाल’ अशी एका श्वासात घेतली जातात. ‘संत तुकाराम’ मुंबईत एका चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. देहूचा विठ्ठलभक्त पडद्यावर आणणाऱ्या दोघांपैकी एक शेख होता, याचा त्या काळच्या प्रेक्षकाला अचंबा वाटला नाही. आज वाटतो, आणि तो आपल्या काळाविषयी काही सांगतो.

या पार्श्वभूमीवर १९४१ चा ‘शेजारी’ पाहावा. दिग्दर्शक शांताराम, पटकथा विश्राम बेडेकर यांची, संगीत मास्टर कृष्णराव यांचे. हिंदी आवृत्तीचे नाव ‘पडोसी’. मार्च १९४० मध्ये लाहोरला मुस्लिम लीगने स्वतंत्र राज्यांचा ठराव केला होता. देशात ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ यांची मोजणी सुरू झाली असताना प्रभातने एका खेड्यातील दोन म्हाताऱ्या मित्रांची गोष्ट सांगितली. जिवबा आणि मिर्झा. घरे शेजारी, बुद्धिबळाचा पट सामाईक, मुलेबाळे दोन्ही अंगणांत वाढलेली.

त्यांना तोडतो तो धर्म नाही. गावात धरण बांधायला आलेला भांडवलदार त्यांना तोडतो. त्याला जमीन हवी असते आणि गाव एक असेपर्यंत ती मिळणार नसते. म्हणून संशय पेरला जातो, पंचायत फुटते, पट उधळला जातो. शेवटी धरण फुटते आणि लोंढ्यात दोघे म्हातारे एकमेकांचा हात धरून जातात. दिलजमाई होते, पण वाचायला उशीर झालेला असतो.

मराठीत जिवबा केशवराव दाते झाले, मिर्झा गजानन जागीरदार. हिंदीत हिंदू ठाकूर झाला मजहर खान आणि मिर्झा पुन्हा जागीरदार. म्हणजे हिंदी पडद्यावर मुसलमान नट हिंदूचे आणि हिंदू नट मुसलमानाचे दुःख वाहत होता. ही निवड सहज झालेली नसावी.

‘शेजारी’वर भाबडेपणाचा आरोप होतो. काही प्रसंगी तो खराही आहे. खलनायकाच्या मिशा जरा जास्तच काळ्या रंगवल्या आहेत. पण मैत्रीचा हिशेब मांडताना हा चित्रपट एक गोष्ट चोख करतो: दोघांचेही नुकसान सारखे दाखवतो. एकाने त्याग करायचा आणि दुसऱ्याने त्यातून शहाणे व्हायचे, अशी वाटणी इथे नाही.

ती वाटणी किती खटकते हे पुन्हा अमेरिकेकडे पाहिले की कळते. १९५८ च्या ‘द डिफायंट वन्स’मध्ये एक गोरा आणि एक काळा कैदी एकाच साखळीने बांधलेले पळतात. सिडनी पॉइटिए आणि टोनी कर्टिस. अखेरीस पॉइटिएचा कैदी सुटकेच्या गाडीवर पोहोचलेला असतानाही मागे पडलेल्या गोऱ्या सोबत्यासाठी खाली उतरतो. उदारमतवादी गोऱ्या प्रेक्षकांना हा मैत्रीचा कळस वाटला. लेखक जेम्स बॉल्डविन याने नोंदवले आहे की हार्लेमच्या चित्रपटगृहात मात्र प्रेक्षक संतापून ओरडले, मूर्खा, परत गाडीवर चढ! मैत्रीची किंमत नेहमी एकाच बाजूने का भरायची, हा तो संताप होता.

कॅमेरा स्वतःच्या हाती आला की मैत्री वेगळी दिसते. मायकेल शुल्ट्झच्या ‘कूली हाय’ (१९७५) या चित्रपटात शिकागोच्या गरीब वस्तीतील प्रीच आणि कोचीज ही दोन शाळकरी पोरे आहेत. त्यांना गोऱ्या जगाला काही सिद्ध करून दाखवायचे नाही. ती उनाडतात, शाळा बुडवतात, भविष्याच्या गप्पा हाणतात, आणि त्यातले एक जण मरते तेव्हा दुसऱ्याच्या दुःखाला कोणाची साक्ष लागत नाही. फॉरेस्ट व्हिटाकरच्या ‘वेटिंग टू एक्सेल’मध्ये (१९९५) चार मैत्रिणी एकमेकींचे संसार सावरतात, मोडतात, त्यावर हसतात. हे चित्रपट लोकांना प्रिय झाले ते त्यांतल्या माणसांना कोणाच्या डोळ्यांत भरायचे नव्हते म्हणून.

आणि शिवणकामही तिथे आहे. ॲलिस वॉकर यांच्या ‘द कलर पर्पल’ (१९८२) या कादंबरीतील सेली नवऱ्याचा मार खात जगणारी बाई आहे. तिच्या आयुष्यात शग ही गायिका मैत्रीण म्हणून येते. शगच्या आधाराने सेली विजारी शिवू लागते, आधी हौसेने, मग व्यवसाय म्हणून, आणि त्या विजारींच्या बळावर घराबाहेर पडते. त्याआधी सोफिया आणि ती मिळून फाटक्या पडद्यांची गोधडी जोडतात. फाटक्या पडद्यांची गोधडी ही मराठी घराला समजावून सांगावी लागणारी वस्तू नाही! या कादंबरीवर १९८५ मध्ये गोऱ्या दिग्दर्शकाने, स्टीव्हन स्पिलबर्गने, चित्रपट केला तेव्हा कृष्णवर्णीय संघटनांतून आक्षेप आले होते. २०२३ मध्ये घानात जन्मलेल्या ब्लिट्झ बझावुले याने तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली.

तानीबाईंची पुंजी, सेलीच्या विजारी, मिशोचे शेतकरी भागधारक, सेवासदनातली शिवणाची शिकवणी. चित्रपटाच्या इतिहासात या गोष्टी तळटीपेत जातात, कारण तिथे नेहमी ‘दिग्दर्शक’ नावाचा एकटा पुरुष शोधला जातो. अपुरे साधन हाती असलेली माणसे मात्र एकट्याने काही करूच शकत नाहीत. आनंदराव गेल्यावर दामले नसते तर कॅमेरा पेटीतच राहिला असता.

‘शेजारी’ पूर्ण झाल्यावर प्रभातमधली फाटाफूट लांब राहिली नाही. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले आणि मुंबईत त्यांनी आई-वडिलांच्या नावांवरून राजकमल कलामंदिर काढले. दुरावलेल्या मित्रांचा चित्रपट करणाऱ्या घरात वर्षभरात हेच घडावे, याला काय म्हणावे!

दामले ५ जुलै १९४५ रोजी गेले. ‘दामले-फत्तेलाल’मधला पहिला शब्द गळला आणि साहेबमामा एकटे उरले. प्रभातचा कारभार पुढच्या काही वर्षांत आटोपला. त्या जागेत १९६० मध्ये सरकारने चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली, आणि देशभरातून आलेली मुले दामल्यांनी उभ्या केलेल्या वास्तूत ध्वनी आणि छायाचित्रण शिकू लागली.

गुरूच्या घराकडे जाणारी वाट मात्र पुन्हा उघडली. राजकमलने ‘लोकशाहीर रामजोशी’ हाती घेतला तेव्हा शांतारामांनी दिग्दर्शनासाठी बाबूराव पेंटर यांना बोलावले. १९४७ मध्ये आलेल्या त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोघांची नावे आहेत. १९२९ मध्ये जो निघून गेला होता त्याच्या स्टुडिओत, अठरा वर्षांनी, सत्तावन्न वर्षांचे बाबूराव पुन्हा कॅमेऱ्याजवळ उभे होते. बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजी गेले.

कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ आज कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे. तिथे नाव बाबूरावांचे घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. त्या पेटीच्या आत, फिल्मला एक घर पुढे नेऊन क्षणभर थांबवणारी जी चाल असते, तिच्यावर मात्र आनंदराव आणि विष्णुपंतांच्या कानशीचे घाव आहेत.